'लपाछपी' बघून "गावाकडे अजून असं चालतं" म्हणणाऱ्यांसाठी

राजेहो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

मागच्या शनिवारी मिहानमधल्या आम्ही सात-आठ जणांनी एका मैत्रिणीच्या फ्लॅटवर 'लपाछपी' लावला. विशाल फुरियाचा, पूजा सावंतचा, जुलै २०१७ मध्ये आलेला. सिनेमा संपला, लाईट लागले आणि आमच्या टीममधला एक जण चिवड्याची वाटी पुढे करत म्हणाला, "बापरे, गावाकडे अजून असं चालतं ना!" सगळ्यांनी मान हलवली. मी पण हलवली. मग वर्धा रोडवर सिग्नलला थांबले तेव्हा डोकं सणकलं, ते आजपर्यंत सणकलेलंच आहे.

आधी सिनेमाचं देणं देऊन टाकते. कमी पैशात भीती कशी उभी करायची हे या माणसाला कळतं. आठ महिन्यांची गरोदर नेहा, कर्जाच्या भानगडीत अडकलेला नवरा, लपायला म्हणून गाठलेलं उसातलं एक घर, तिथली तुळसाबाई. बस. बाकी ऊस. त्यातल्या वाटा एकसारख्या, आत गेलं की दिशा कळत नाही, आणि हे सगळं भर उन्हात! आपल्याकडे ऊस कमी, पण ज्यांनी डोक्याएवढ्या तुरीच्या वावरात लहानपणी वाट चुकवली आहे त्यांना हे आतून कळेल. तिला दिसतंय ते खरं की भास, हा ताण बराच वेळ टिकतो. उषा नाईकांची तुळसाबाई तर अशी काळजीनं बोलते की आपणही "घे गं बाई दोन घास" म्हणू. पूजा सावंत जवळजवळ अख्खा सिनेमा एकटी ओढते.

पैसा नसणं ही भयपटाची अडचण नसतेच. रामूनं १९९९ मध्ये 'कौन' एक घर आणि तीन माणसांत केला. 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' तर दिग्दर्शकानं स्वतःच्या घरात आठवडाभरात, पंधरा हजार डॉलरच्या आसपास शूट केला. म्हणून "मराठी आहे, कमी बजेट आहे, सांभाळून घ्या" हे मला पटत नाही. 'लपाछपी'त जे फसलंय ते पैशामुळे फसलेलं नाही. शांतता चांगली जमलेली असताना मध्येच कानठळ्या बसवणारा आवाज कशाला? प्रेक्षक दचकतो, पण घाबरायचा थांबतो. आणि उत्तरार्धात सगळं बोलून, मागचं दाखवून समजावलंय. आम्ही एवढे ढ नाही हो.

पण हे किरकोळ. माझं खरं भांडण आहे ते सिनेमानं भीती कुठे नेऊन ठेवली यावर. मुलगी नको म्हणणारं पाप त्यानं आडगावात ठेवलं आणि त्याला एका म्हातारीचा चेहरा दिला. मग शहरातला प्रेक्षक सुटला. सोफ्यावर बसून तो तुळसाबाईला शिव्या घालतो आणि निश्चिंत झोपतो.

आता आकडे बघा. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली किती? राज्यात ८९४. बीडमध्ये ८०७. आणि ज्या गडचिरोलीला आपण ऊठसूट मागास म्हणतो तिथे ९५० च्या वर. ऊसवाल्या, पैसेवाल्या कोल्हापुरात २००१ ला ८३९ होत्या, पुढच्या दहा वर्षांत कशाबशा ८६३ झाल्या. म्हणजे फुरियानं ऊस निवडला तो अगदी बरोबर निवडला, पण ऊस म्हणजे अंधार नाही, ऊस म्हणजे पैसा! मशीनवर तपासून घ्यायला खिशात पैसे लागतात, डॉक्टरची ओळख लागते, गाडी लागते. गडचिरोलीच्या जंगलातल्या म्हातारीकडे यातलं काय आहे?

आणि आपल्याकडे? माझी पहिली मुलगी. दुसऱ्या वेळेस पाचवा महिना लागायचा होता तेव्हा एक नातेवाईक घरी आले. शिकलेले, मोठ्या पगाराचे, पोरगा परदेशात. चहा झाला. मग अगदी तुळसाबाईच्याच मायेनं म्हणाले, "बघून घ्यायचं का? ओळख आहे. नाव कुठे येणार नाही." सातवा मजला, एसी चालू, टीव्हीवर क्रिकेट. ऊस नव्हता, विहीर नव्हती. नवरा काही बोलला नाही. नंतर म्हणाला, मोठ्यांना काय उलटं बोलायचं. त्या पाच-दहा सेकंदांएवढी भीती मला कुठल्याच सिनेमात वाटलेली नाही.

महाराष्ट्रानं या तपासणीवर देशात पहिला कायदा केला तो १९८८ मध्ये. केंद्राचा आला १९९४ ला. त्यात एक गोष्ट चांगली आहे, ती बायकांनो लक्षात ठेवा: कायदा गृहीतच धरतो की गरोदर बाईवर नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी दबाव आणला. तसं नव्हतं हे सिद्ध करायचं असेल तर त्यांनी करावं. प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" अशी पाटी असते. मला ती पाटी बघून हल्ली अंगावर काटा येतो. "येथे खून केले जात नाहीत" अशी पाटी कुठल्या दुकानावर बघितली का कधी?

याच दिग्दर्शकानं २०२१ मध्ये हाच सिनेमा हिंदीत 'छोरी' म्हणून केला. तुळसाबाईची भन्नोदेवी झाली, बोली उत्तरेकडची झाली. मराठी सिनेमा आला तेव्हा आपल्यातले किती जण थिएटरात गेले होते? हिंदी मात्र प्राईमवर घरोघरी बघितला, आणि काय म्हटलं? "तिकडे हरियाणाकडे असतं असं." म्हणजे पाप अजून हजार किलोमीटर लांब सरकलं.

मला बघायचाय तो सिनेमा अजून कुणी केलेला नाही. त्याला बजेट अजून कमी लागेल. एक टू-बीएचके, एक सोफा, चार माणसं, चहाचा ट्रे. भूत नकोच. मिहानमधल्या पोट्ट्यांकडे कॅमेरे आहेत, एडिटिंग येतं, रील करण्यात रात्री घालवता. करा ना हे! फ्लॅट माझा वापरा, भाडं नको.

तोवर 'लपाछपी' मराठीतलाच बघा, दोष धरून बघण्यासारखा आहे. येत्या शनिवारी आमच्याकडे परत लावतेय. त्या नातेवाइकांनाही फोन केलाय. येतो म्हणालेत. माझ्या दोन्ही मुली त्यांना पाणी नेऊन देतील.