ऑक्सिजनचा दाब मोजला, निरोप कोण मोजणार?

27 डिसेंबर 2022 रोजी देशभरातल्या रुग्णालयांत कोविडची मॉक ड्रिल झाली. चीनमध्ये पुन्हा रुग्ण वाढत असल्याच्या बातम्या येत होत्या आणि दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनसाठी झालेली वणवण कोणीच विसरलं नव्हतं. त्यामुळे ऑक्सिजन तयार करणारे पीएसए प्लांट सुरू करून दाब पाहिला गेला, व्हेंटिलेटर चालवून बघितले, खाटा मोजल्या. औषधांचा साठा, मनुष्यबळ, रुग्णवाहिका, टेलिमेडिसिन यांची माहिती पोर्टलवर भरली गेली. पुढे 10 आणि 11 एप्रिल 2023 ला पुन्हा तसाच सराव झाला. हे सगळं करायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आजारी माणूस रुग्णालयाच्या दारात येतो, त्याआधी गावात आणि घरात बरंच काही घडून गेलेलं असतं. त्याला कोणी काय सांगितलं, केव्हा सांगितलं, त्यातलं त्याला काय कळलं, यावर तो वेळेत येणार की उशिरा हे ठरतं. मी ज्या सरावांना हजर राहिले, तिथे हा सगळा भाग फॉर्मवरच्या एका ओळीत उरकलेला होता: 'जनतेस संदेश दिला – होय/नाही'.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात माझी सगळी नोकरी विस्तार आणि माध्यमाच्या कामात गेली. भिंती रंगवून घेणं, पत्रकं छापणं, कलापथकं, आठवडी बाजारातला रिक्षावरचा भोंगा आणि शेवटच्या वर्षांत व्हॉट्सॲपचे ग्रुप. निवृत्तीनंतर आता सरावांना निरीक्षक म्हणून बोलावणं येतं. त्या अनुभवावरून सांगते, निरोपाचं मूल्यमापन पाठवणाऱ्याच्या फोनवर करून उपयोग नाही. ते ऐकणाऱ्याच्या उंबऱ्यावर जाऊन करावं लागतं.

एका तालुक्यातला सराव सांगते. पावसाळ्याच्या तोंडावर गॅस्ट्रोची साथ आली असं धरून चालायचं होतं. गावाच्या टाकीत दूषित पाणी शिरलंय, जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढताहेत, लोकांना ताबडतोब सावध करायचंय. सकाळी तालुक्याहून संदेश निघाला. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी तो आरोग्य सहाय्यकांना पाठवला, त्यांनी उपकेंद्राच्या सिस्टरला, सिस्टरनी गटप्रवर्तकांना, गटप्रवर्तकांनी आशाताईंच्या ग्रुपवर. प्रत्येक टप्प्यावर निळ्या खुणा उमटत गेल्या. तासाभराच्या आत फॉर्मवर 'होय' लिहून झालं आणि केंद्रावर चहा आला. मी सिस्टरना म्हटलं, चला, जरा वाडीवर जाऊन येऊ.

संदेश असा होता: 'जलजन्य आजाराचा उद्रेक झाल्याने नागरिकांनी निर्जंतुकीकरण न केलेल्या पाण्याचे सेवन टाळावे.' आशाताई हुशार होत्या. त्यांनी तो जसाच्या तसा वाचून दाखवला नाही, आपल्या भाषेत सांगितला: आजपासून नळाचं पाणी पिऊ नका. वरून आलेल्या मजकुरापेक्षा हे कितीतरी बरं होतं. पण बायका खुरपणीला गेल्या होत्या. निरोप पोरांकडे दिला गेला, पोरांनी म्हाताऱ्यांना सांगितला. एका घरात आजीबाईंनी हंडे, बादल्या, पिंप, अगदी पातेलीसुद्धा काठोकाठ भरून ठेवली होती. विचारलं तर म्हणाल्या, "आजपासून नळ बंद हाय म्हनं. म्हनून सकाळचंच भरून ठिवलं." सरावात जे पाणी दूषित धरलं होतं, नेमकं तेच त्यांनी दोन दिवसांसाठी साठवलं होतं. शेजारच्या दोन-तीन घरांतही तसंच. खरी साथ असती, तर आमच्या निरोपाने त्या घरांत आजार आणून ठेवला असता.

यात चूक आजीबाईंची नव्हती, आशाताईंचीही नव्हती. नळ नेहमी बंद पडतो, साथ क्वचित येते, त्यामुळे ऐकू आलेल्या अर्ध्या वाक्याचा अर्थ लोक रोजच्या अडचणीवरून लावतात. संदेश तयार करणाऱ्याला हे आधी ठाऊक असायला हवं. 'भरून ठेवलेलं पाणी ओतून टाका' एवढे पाच शब्द पुढे असते, तर तो निरोप कामाचा ठरला असता. पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरची बाटली त्या घरात होती, फडताळावर, सील न उघडलेली. हंड्याला किती थेंब टाकायचे आणि त्यानंतर किती वेळ थांबायचं, हे त्या घरात कोणालाच सांगता आलं नाही. बाटली वाटल्याची नोंद मात्र रजिस्टरला होती.

त्याच वाडीच्या पलीकडे ऊसतोडीच्या कोप्या होत्या. हंगाम संपला तरी दोन-चार कुटुंबं मागे राहिली होती. त्यांची नावं आशाताईंच्या यादीत नव्हती आणि त्यांच्याकडे कोणी गेलंही नव्हतं. पाणी मात्र ती माणसं त्याच टाकीचं पीत होती.

आता उलट दिशेचं बघू. सरावाचा भाग म्हणून सिस्टरनी आराखड्यात छापलेल्या नियंत्रण कक्षाच्या नंबरवर फोन लावला, 'वाडीत दोन रुग्ण गंभीर' असं कळवायला. फोन उचलला गेला, पण पलीकडचे अधिकारी बदली होऊन केव्हाच दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते. खाली निरोप पाठवायला पाच पायऱ्या तयार होत्या. वर कळवायला एक जुना नंबर. आपत्तीतला संवाद म्हणजे वरून खाली सूचना सोडणं, ही समजूत आमच्या खात्यात फार खोल रुजलेली आहे. खरं तर पहिली बातमी नेहमी खालूनच येते. कुठल्यातरी सिस्टरला, एखाद्या अंगणवाडीताईला, गावातल्या मेडिकलवाल्याला आधी जाणवतं की यंदा जुलाबाच्या गोळ्या जरा जास्तच खपताहेत.

शहरात हे वेगळं असेल, असं वाटत असेल तर जानेवारी 2025 मधलं पुणे आठवा. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, खडकवासला, धायरी या भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण अचानक वाढले. संशयितांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. 'पाणी उकळून प्या' ही सूचना सगळीकडे पोहोचली, हे मान्य करायला हवं. पण त्या परिसरातल्या ओळखीच्या घरांतून मला जे फोन आले, त्यांतले प्रश्न या सूचनेच्या पलीकडचे होते. आम्ही वीस लिटरचा जार आणतो, तो उकळायचा का? टँकरचं पाणी कोणाचं? शेजारच्यांना झालंय, मुलांना तिकडे खेळायला पाठवू का? चिकन बंद करायचं का, आणि पनीर?

जारचा प्रश्न तर अगदी मुळावरचा होता. जारचं पाणी म्हणजे शुद्ध पाणी, असं धरून लोक पैसे मोजत होते, म्हणून 'उकळून प्या' ही सूचना आपल्यासाठी नाही, असं त्यांना वाटत होतं. पुढे महापालिकेने त्या भागातल्या अनेक खासगी आरओ केंद्रांना टाळं लावलं. यातली काही गावं 2021 मध्येच महापालिकेत आलेली. पाण्याची व्यवस्था कुठे विहीर, कुठे टँकर, कुठे जार. असा भाग निवडून आधी एक सराव केला असता आणि घरोघर फक्त एवढंच विचारलं असतं की 'तुम्हाला पाणी उकळायला सांगितलं, तर तुम्ही नक्की कोणतं पाणी उकळाल?', तर जारचं उत्तर पहिल्याच गल्लीत मिळालं असतं. जीबीएस स्वतः एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, हे वाक्यही पहिल्या दिवसापासून प्रत्येक सूचनेत हवं होतं. ज्यांच्या घरी रुग्ण होता, त्यांना औषधाच्या खर्चाइतकाच शेजाऱ्यांच्या भीतीचाही त्रास झाला.

तंत्रज्ञान आलंय, आता हे सगळं सोपं होईल, असं मला सांगितलं जातं. 20 जुलै 2023 च्या सकाळी महाराष्ट्रात असंख्य फोन एकदम कर्कश वाजले आणि पडद्यावर दूरसंचार विभागाचा चाचणी संदेश आला. आदल्याच रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती, पाऊस थांबलेला नव्हता. त्या आवाजाने किती जणांच्या काळजाचा ठोका चुकला असेल! सेल ब्रॉडकास्टची ही सोय मला मनापासून मोलाची वाटते. तिला नंबरांची यादी लागत नाही, इंटरनेट लागत नाही. टॉवरच्या टप्प्यात चालू असलेला आणि ही सोय असलेला प्रत्येक फोन वाजतो, म्हणजे कोपीतल्या ऊसतोड कामगाराचाही. पण आमच्या घरी, शेजारी, माहेरी, कुठेही नंतर कोणी विचारायला आलं नाही की बाई, फोन वाजल्यावर तुम्ही काय केलंत, वाचलंत की घाबरून बंद केलात, वाचता आलं का? ब्रिटनमध्ये 23 एप्रिल 2023 ला अशीच देशव्यापी चाचणी झाली. तिथे थ्री या कंपनीच्या अनेक ग्राहकांना संदेश मिळालाच नाही. तो दोष उघडपणे सांगितला गेला आणि त्यावर काम सुरू झालं. चाचणी घ्यायची ती अशासाठीच.

सरावाच्या संदेशाचा आणखी एक धोका असतो आणि त्याचं उदाहरण अमेरिकेतल्या हवाई राज्याचं आहे. 13 जानेवारी 2018 च्या सकाळी तिथल्या नागरिकांच्या फोनवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा गेला. आपत्ती कक्षात कर्मचाऱ्यांचा सराव चालला होता. सरावासाठी वाजवलेल्या ध्वनिफितीत सुरुवातीला 'हा सराव आहे' असं होतं आणि पुढे 'हा सराव नव्हे' असंही वाक्य होतं. एका कर्मचाऱ्याने ते खरं मानलं आणि इशारा सोडला. तो खोटा होता हे सांगणारा संदेश त्याच फोनवर जायला 38 मिनिटं लागली, कारण चूक झाली तर काय पाठवायचं याचा मजकूरच तयार नव्हता. विषय क्षेपणास्त्राचा असला तरी धडा आरोग्य खात्यासाठी तेवढाच लागू आहे. सरावाच्या प्रत्येक संदेशात पहिलं आणि शेवटचं वाक्य 'हा सराव आहे' असंच हवं. आणि दुरुस्तीचा मजकूर आधी लिहून, सही होऊन, कोण पाठवणार हे ठरवून ठेवलेला हवा. कोविडमध्ये एकाच दिवशी दोन कार्यालयांची दोन वेगवेगळी पत्रकं आली की जुनं रद्द झालं हे सांगायची जबाबदारी कोणीच घ्यायचं नाही. ते जुनं पत्रक व्हॉट्सॲपवर महिनाभर फिरत राहायचं.

ऑगस्ट 2024 च्या शेवटच्या आठवड्यात राजस्थानात अजमेरला 'विषाणू युद्ध अभ्यास' हा राष्ट्रीय सराव झाला. प्राण्यांकडून माणसांत आलेल्या रोगाची साथ कल्पून माणसांचे आणि जनावरांचे डॉक्टर, प्रयोगशाळा, प्रशासन असे सगळे एकत्र उतरले आणि स्वतंत्र निरीक्षक नेमले होते. ही पद्धत मला पटते. ज्याने काम केलं त्यानेच स्वतःला गुण द्यायचे, हे थांबलं पाहिजे. जिल्हा आणि तालुका पातळीवर आजही बहुतेक वेळा तेच चालतं. शेजारच्या तालुक्यातली माणसं, नर्सिंग महाविद्यालयातल्या मुली, स्थानिक पत्रकार, बचत गटातल्या बायका यांना निरीक्षक करा. त्यांना फक्त तीन प्रश्न द्या: काय ऐकलंत, कोणाकडून ऐकलंत, मग काय केलंत. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, खुणेच्या चौकटी नकोत. धडगावात पावरीत, मेळघाटात कोरकूत, भामरागडला माडियात विचारा, कारण मराठी पत्रक तिथल्या म्हाताऱ्या माणसाला कसं कळतं हे मराठीत विचारून समजणार नाही.

अधिकाऱ्यांचे दोन आक्षेप मी नेहमी ऐकते. लोकांत जाऊन सराव केला तर घबराट पसरते, हा पहिला. माझा अनुभव उलटा आहे. आधी दवंडी दिली, शाळेत सांगितलं, 'उद्या तालीम आहे' असं मंदिरावरच्या भोंग्यावरून कळवलं, तर लोक हौसेने भाग घेतात. घबराट होते ती गुपचूप केलेल्या सरावाची बातमी अर्धवट बाहेर फुटली की. दुसरा आक्षेप खरा आहे: आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे. राज्यात सुमारे 70 हजार आशा आहेत आणि मोबदल्यासाठी त्यांना ऑक्टोबर 2023 मध्ये संप करावा लागला होता. म्हणूनच सरावाच्या दिवसाचा वेगळा मोबदला त्यांना मिळाला पाहिजे, मोबाइलच्या रिचार्जसकट. आणि हेही स्पष्ट लिहिलेलं हवं की परीक्षा त्यांची नाही, वरून आलेल्या मजकुराची आहे. आजीबाईंनी हंडे भरून ठेवले, हा शेरा आशाताईंच्या नावापुढे पडला, तर पुढच्या सरावात कोणीच निरीक्षकाला वाडीवर नेणार नाही.

सरावाचा अहवाल सध्या जिल्ह्याला जातो आणि तिथेच राहतो. तो पुढच्या ग्रामसभेत वाचला जावा, अशी माझी मागणी आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, यांतली जी जवळ असेल ती सभा धरा. कोणत्या घरांत निरोप पोहोचला नाही, कुठे उलटा पोहोचला, नियंत्रण कक्षाचा कोणता नंबर लागला नाही, हे तिथे गावासमोर सांगा आणि नवा नंबर त्याच सभेत, सगळ्यांसमोर, लावून दाखवा.