दुसरी टाकी नसेल तर पहिलीही नको

समुद्री मासे पाळणाऱ्या कुणाच्या घरी गेलो की दिवाणखान्यातला मोठा टँक मी नंतर पाहतो. आधी विचारतो, ‘नवा मासा आधी वेगळा ठेवायचा, तो क्वारंटाइनचा टँक कुठे ठेवलाय?’ बहुतेक घरांत उत्तर येतं, ‘तो कशाला?’ या ‘कशाला’पायी मासे मरतात आणि मारणारे स्वतःला मत्स्यप्रेमी म्हणवतात. याचा मला संताप येतो.

मी हे बाहेरून बोलत नाही. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून मी ब्लू टँग आणला. ‘दहा दिवस झालेत आमच्याकडे, बिनधास्त सोडा,’ दुकानदार म्हणाला. त्याच संध्याकाळी मी तो सोडला. चौथ्या दिवशी त्याच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले आणि सातव्या दिवशी ते गेले. मासा बरा झाला म्हणून मी निश्चिंत झालो. तिसऱ्या आठवड्यात टँकमधला प्रत्येक मासा खडकांवर अंग घासत होता, धापा टाकत होता. सहा वर्षं सांभाळलेली क्लाउनफिशची जोडी दोन दिवसांच्या अंतराने गेली. दुकानदार खोटं बोलला हे खरं, पण जाळीतून तो मासा पाण्यात सोडणारा हात माझा होता.

ठिपके गेले तेव्हा नेमकं काय झालं होतं, ते प्रत्येकाने समजून घ्यावं. ते ठिपके एका परजीवीचे होते. त्याचं नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, बोलीत मरीन इक. तो माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत शिरून तीन ते सात दिवस पोसतो, मग स्वतःहून गळून पडतो आणि वाळूवर, खडकावर, काचेवर कवच करून बसतो. त्या एका पुटीतून शेकडो पिल्लं सुटतात, तीही बहुधा पहाटेच्या अंधारात, मासे तळाशी झोपलेले असताना. म्हणजे ठिपके जाणं ही बरं होण्याची खूण नव्हे, पुढच्या हल्ल्याची तयारी असते. काही पुट्या तर 72 दिवसांपर्यंत टिकल्याची नोंद आहे. म्हणून एकदा हा रोग शिरला की सगळे मासे बाहेर काढून मुख्य टँक 76 दिवस माशांविना ठेवायचा, असा जाणत्यांचा प्रघात आहे. ज्यांना नवा मासा काही आठवडे वेगळा ठेवणं जड जातं, त्यांच्यावर पुढे अडीच महिने रिकामा टँक पाहायची वेळ येते.

आणि हा त्यातल्या त्यात संथ शत्रू. अमायलोओडिनियम, म्हणजे मरीन व्हेल्वेट, काही दिवसांत अख्खा टँक रिकामा करतो. अंगावरची सोनेरी भुकटी डोळ्यांना दिसेपर्यंत कल्ले निकामी होत आलेले असतात.

आता सबबी. ‘माझ्याकडे यूव्ही आहे.’ यूव्ही फक्त त्याच्यातून वाहणाऱ्या पाण्यातले जीव मारतो, वाळूतल्या पुटीला धक्काही लावत नाही. ‘मी लसूण देतो.’ लसणाने मासा कदाचित चार घास जास्त खाईल, कल्ल्यांतला परजीवी मरणार नाही. ‘क्लीनर श्रिम्प आहे ना.’ कातडीच्या आत बसलेला इक तो उपटून काढत नाही. ‘रोग आला तर औषध घालू.’ कुठे घालणार? तांब्याचं औषध कोरल, कोळंबी, गोगलगायी सगळ्यांना मारतं. खडक आणि वाळू तांबं शोषतात, त्यामुळे पाण्यातलं प्रमाण टिकत नाही. तेव्हा आजारी मासे पकडायला अख्खा रीफ उपसावा लागतो.

सगळ्यांत लाडकी सबब ही, की ‘समुद्रात कुठे असतं क्वारंटाइन?’ समुद्रात सुटलेली पिल्लं अथांग पाण्यात विखुरतात आणि यजमान मिळाला नाही की एक-दोन दिवसांत मरतात. तुमच्या टँकमध्ये तोच मासा रोज रात्री त्याच चार फूट वाळूवर झोपतो. समुद्राचा दाखला द्यायचा तर समुद्राएवढं पाणी आणा.

मार्च 2020 मध्ये, कोविडच्या साथीत, महाराष्ट्रात परदेशाहून आलेल्यांच्या हातावर क्वारंटाइनचे शिक्के मारले गेले. आपण तेव्हा ते मान्य केलं, कारण लक्षणं दिसण्याआधीच माणूस रोग पसरवू शकतो हे पटलं होतं. माशाच्या बाबतीत तीच गोष्ट पटायला इतकी जड का जाते? कारण मेलेला मासा तक्रार करत नाही आणि दुकानात दुसरा तयार असतो.

क्वारंटाइनला लागतं तरी काय? दोन फुटी साधी काचेची टाकी, साधारण 55 लिटर पाणी. टँगसारख्या पोहणाऱ्या माशाला तीन फुटी. तळ उघडा, वाळू नाही, खडक नाही. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि एल्बो. हीटर, थर्मामीटर, एअर पंप, स्पंज फिल्टर. उडी मारणाऱ्या माशांसाठी वर झाकण. वाळूत स्वतःला पुरून झोपणारा रॅस मासा असेल तर एका वाडग्यात धुतलेली सिलिका वाळू. जाळी, पाइप, बादली वेगळी, आणि टाकी मुख्य टँकपासून दूर, कारण व्हेल्वेट हवेतल्या पाण्याच्या तुषारांतूनही जाऊ शकतो. हे सगळं एका बऱ्यापैकी टँगच्या किमतीत बसतं.

पैशापेक्षा यात अक्कल आणि शिस्त जास्त लागते. स्पंज निदान चार आठवडे आधी मुख्य टँकच्या संपमध्ये, म्हणजे फिल्टरच्या टाकीत, टाकून ठेवा, म्हणजे त्यावर अमोनिया पचवणारे जिवाणू बसतील. कोरा स्पंज घालून मासा सोडणारे त्याला अमोनियाने मारतात आणि दोष क्वारंटाइनला देतात. समुद्री पाण्याचा पीएच चढा असल्याने तिथे अमोनिया जास्त घातक ठरतो. रोज टेस्ट करा, चढला तर पाणी बदला.

तांबं द्यायचं तर ते मोजून. आयन रूपातलं असेल तर लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम, दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवलेलं आणि निदान तीन आठवडे त्याच पट्ट्यात राखलेलं. पट्टा अरुंद आहे: खाली घसरलं तर परजीवी जगतो, वर गेलं तर मासा जातो. चिलेटेड औषधाचं प्रमाण वेगळं असतं, ते बाटलीवर वाचा. फिल्टरमध्ये कार्बन नको, तो तांबं ओढून घेतो. बदलायच्या पाण्यातही तेवढंच तांबं आधी मिसळा. तांब्याचा कोर्स संपला की फ्लूक या चपट्या कृमींसाठी प्राझिक्वांटेल. एवढ्या काळात मासा गोठवलेलं खाद्य खायला शिकतो, तेही वस्तीतल्या दांडग्या माशांचा मार न खाता. ‘लहान टाकीत मासा घाबरतो’ म्हणणाऱ्यांनी नव्या माशाला जुना टँग कसा कोपऱ्यात दाबतो, ते एकदा बसून पाहावं.

हे मासे कुठून येतात याचाही विचार करा. क्लाउनफिशची पैदास हॅचरीत होते. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था ते करत आली आहे. पण ब्लू टँगची बंदिस्त पैदास पहिल्यांदा साधली ती 2016 मध्ये, फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. दुकानातला ब्लू टँग जवळजवळ नक्कीच प्रवाळातून पकडलेला असतो. जाळं, पिशवी, विमान, घाऊक व्यापाऱ्याची टाकी, दुकानाची टाकी. आणि दुकानात बऱ्याचदा सगळ्या टाक्यांचं पाणी एकच फिरत असतं. ‘आमच्याकडे दहा दिवस होता’ याचा अर्थ दहा दिवस तो शेजारच्या प्रत्येक टाकीतल्या रोगाच्या पाण्यात होता, एवढाच.

आज माझ्या घरी कोणताही मासा मुख्य टँकमध्ये जाण्याआधी सहा आठवडे वेगळा राहतो, हॅचरीतला असला तरी. पाहुणे विचारतात, या बोडक्या टाकीत काय पाहायचं? काही नाही. ती बघण्यासाठी ठेवलेलीच नाही. समुद्रातून उचलून आणलेल्या जिवाला सावरायला मिळालेली ती पहिली जागा आहे. ती जागा द्यायची तुमची तयारी नसेल, तर पाकीट खिशात ठेवा आणि दुकानातून रिकाम्या हाताने घरी जा.