गोल कुठंय, बाई?

काय मंडळी, आज सुरुवातीलाच एक प्रयोग करू या. साहित्य काही लागत नाही, हं! नुसते दोन डोळे.

इथं मी एक शब्द लिहिते : चिंच. त्या चिंचेवर नजर रोखा. आता बुबुळं अजिबात न हलवता सात-आठ ओळी खालची अक्षरं वाचून दाखवा बरं! नाही ना येत? तिथं काहीतरी लिहिलंय एवढं कळतं, पण काय ते कळत नाही.

कारण असं की, डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो, त्याच्या मध्याजवळ एक इवलासा खळगा आहे. बारीकसारीक, अगदी रेखीव दिसतं ते तेवढ्याच भागानं. किती जागा दिसते त्यातून? हात समोर लांब करून अंगठा उभा धरा. त्या अंगठ्याच्या नखाएवढी! बाकीचं सगळं अंधुक. मग आपल्याला सगळं स्वच्छ दिसतंय असं का वाटतं? तर डोळा स्वस्थ बसत नाही म्हणून. अंगणातल्या चिमणीसारखा तो टुणटुण उड्या मारत असतो, सेकंदाला साधारण तीन!

आता मनात आणा, वर्गाच्या भिंतीवर प्रोजेक्टरनं हे एवढं मोठं चित्र पाडलंय. समोर चाळीस मुलं. म्हणजे ऐंशी चिमण्या! बाई बोलताहेत पानाच्या कडेबद्दल, आणि चिमण्या बसल्यात फोटोच्या कोपऱ्यात चुकून आलेल्या कुत्र्याच्या शेपटीवर. म्हणून चित्रातली नेमकी जागा दाखवावी लागते. आम्हाला डी.एड.ला तक्ता कसा दाखवायचा ते शिकवलं होतं. छडीचं टोक नेमक्या जागी टेकवायचं आणि आपण चित्राच्या आड उभं राहायचं नाही. (छडी तक्त्यावर टेकवायची, तुमच्यावर नव्हे!) आता छडीऐवजी स्लाइडवर गोल आला, बाण आला. त्यात काय शिकायचंय, असं मलाही वाटायचं.

माझ्या पाचवीच्या वर्गानं २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी स्लाइड करायला घेतल्या. विषय ठरला, 'आमच्या कढीपत्त्यावरचे पाहुणे'. शाळेच्या परसबागेत कढीपत्ता आहे आणि त्यावर लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या असतात. ही अळी म्हणजे पक्की सोंगाडी! लहान असताना ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. मग कोणता पक्षी तिला तोंड लावील? मोठी झाली की कात टाकून हिरवीगार होते आणि पानांत दिसेनाशी होते. तिला डिवचलं तर डोक्यामागून दोन शेंड्यांचं शिंगासारखं काहीतरी बाहेर काढते आणि एक उग्र वास सुटतो. (डिवचू नका मात्र. आम्ही एकदाच डिवचलं आणि तिची माफी मागितली.)

मुलांनी फोन घेऊन फोटो काढले. फोटो छान, पण अळी हिरवी, पानंही हिरवी! मग तिच्याभोवती लाल गोल काढला. गोल बारीक, अगदी नाजूक. एकीला तेवढ्यानं समाधान होईना म्हणून तिनं एक पिवळा बाण लावला. दुसऱ्यानं आणखी दोन बाण पानाच्या कुरतडलेल्या कडेला. एक चांदणी गिरक्या घेत यायची. शेवटी टाळ्यांचा आवाज! एका फोटोत पाच ठिकाणी 'इकडे बघा'. लग्नघरात पाच मामा एकाच वेळी पाच दिशांना हाका मारतात ना, तसं. आणि मी? मी कौतुक केलं. खोटं कशाला सांगू, मलाही ती गिरक्या घेणारी चांदणी आवडली होती.

मग सराव म्हणून वर्गापुढे त्या स्लाइड दाखवल्या. बोलणारी मुलगी म्हणाली, "लाल गोलात बघा, अळी पान खाते आहे." तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "गोल कुठंय, बाई?"

सगळा वर्ग हसला. एवढा ढळढळीत लाल गोल! मी म्हटलं, "लक्ष कुठं असतं रे तुझं? जरा समोर बघ."

तो समोरच बघत होता. (त्याचं नाव सांगत नाही. सांगू नका असं त्यानंच बजावलंय.) तो काही बोलला नाही. खाली बसला आणि मान खाली घातली. पुढच्या स्लाइडला त्यानं काहीच विचारलं नाही. मला वाटलं, चला, ताळ्यावर आला.

आठवड्यानं चित्रकलेच्या तासाला मी बाकांमधून फिरत होते. त्यानं अळी काढली होती, आणि काय सुरेख काढली होती! अंगावरचे तिरके पट्टे, इवले पाय, सगळं जिथल्या तिथं. फक्त अळी तपकिरी होती.

"अरे, अळी हिरवी ना?"

"हिरवीच आहे की, बाई."

त्याच्या खडूंची पेटी बघितली. खडूंवरचे कागद निघून गेले होते. रंगांची नावं होती ती त्या कागदांवर! आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवून विचारलं, तेव्हा म्हणाला, "सगळ्यांना असंच दिसतं ना, बाई? बाकीचे पटकन ओळखतात आणि मला ओळखायला वेळ लागतो."

पाचवीपर्यंत हे पोर स्वतःला 'ढ' समजत होतं. खडूवरचं नाव वाचून रंग भरत होतं. आणि मी त्याला लक्ष नाही म्हणून रागावले होते.

आईला बोलावलं. त्या म्हणाल्या, "अगं बाई! माझे वडीलही तसेच. शेतात पिकली मिरची वेचायला ते कधी यायचे नाहीत." पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांतले आकडे वाचायला सांगितले. शिनोबू इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली ही चित्रं प्रसिद्ध केली, आजही तीच वापरतात. निदान पक्कं झालं. लाल आणि हिरवा यांतला फरक त्याला नीट कळत नाही. ही गोष्ट बहुतेकदा जन्मापासून असते, आईकडून मुलाकडे येते, आणि मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये कितीतरी जास्त आढळते. पुस्तकात याला 'रंगांधत्व' म्हणतात. मला तो शब्द मुळीच आवडत नाही. तो कुठं आंधळा आहे? निळा, पिवळा त्याला झकास ओळखता येतो, आणि अळीच्या अंगावरचे पट्टे तर माझ्यापेक्षा त्यालाच चांगले दिसले होते.

त्याला मी जॉन डाल्टनची गोष्ट सांगितली. अणूचा सिद्धान्त मांडणारा तो इंग्लंडचा शास्त्रज्ञ. त्यालाही लाल-हिरव्याचा घोळ होता, आणि त्यानं १७९४ साली मँचेस्टरमध्ये आपल्याच डोळ्यांवर निबंध वाचला! त्याला वाटायचं, आपल्या डोळ्यांतलं पाणी निळसर असणार. मेल्यावर माझे डोळे तपासा, असं तो सांगून गेला. १८४४ साली तो वारला तेव्हा डोळा तपासला, तर आतलं पाणी काचेसारखं स्वच्छ. म्हणजे त्याचा अंदाज चुकला! पण त्याच्या डोळ्याचे अवशेष जपून ठेवले होते. १९९५ साली शास्त्रज्ञांनी त्यातला डी.एन.ए. तपासला आणि खरं कारण सापडलं. त्याच्या डोळ्यांत हिरव्यासाठीचा रंगद्रव्याचा प्रकारच नव्हता. मेल्यावर दीडशे वर्षांनी उत्तर! गोष्ट ऐकून आमचा गडी एवढंच म्हणाला, "म्हणजे तो 'ढ' नव्हता."

मग आम्ही सगळ्या स्लाइड पुन्हा करायला घेतल्या. आता गंमत ऐका. गोल ठळक केला, बाण मोठा केला, रंग बदलला, काही मनासारखं होईना. शेवटी कोणीतरी म्हणालं, "बाई, नाटकात कसं, सगळा अंधार करतात आणि एकावरच झोत टाकतात!" बरोबर की! अळीला रंगवण्यापेक्षा बाकीचं झाकावं. (जाता जाता सांगते, विजेचे दिवे नव्हते तेव्हा नाटकात हा झोत चुन्यापासून मिळवत! चुन्याचा खडा ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीत तापवला की तो डोळे दिपतील असा पांढरा तळपतो. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात १८३७ साली तो वापरला. 'लाइमलाइट' हा शब्द तिथलाच. घरी करून बघायचा प्रयोग नव्हे हा!)

तर कसं केलं ते सांगते. पॉवरपॉइंटमध्ये अळीचा फोटो घेतला. त्यावर बरोबर फोटोएवढा चौकोन काढला. चौकोनात काळा रंग भरला, कडेची रेघ काढून टाकली. मग अळी जिथं आहे तिथं त्या काळ्या चौकोनावर एक लंबगोल काढला. आधी चौकोनावर टिचकी, मग शिफ्टची कळ दाबून ठेवून लंबगोलावर टिचकी. हा क्रम चुकवायचा नाही! आता 'शेप फॉरमॅट'मध्ये जाऊन 'मर्ज शेप्स' आणि त्यातलं 'सब्ट्रॅक्ट'. सब्ट्रॅक्ट म्हणजे वजाबाकी. चौकोनातून लंबगोल वजा झाला, की काळ्या कागदाला भोक पाडल्यासारखं होतं, आणि भोकातून अळी! शेवटी काळ्या रंगाची ट्रान्स्परन्सी, म्हणजे पारदर्शकपणा, वाढवायचा. साधारण ४० टक्के केला की बाजूची पानं अंधारात पुसट दिसत राहतात. सगळं काळंकुट्ट करू नका. अळी कोणत्या फांदीवर आहे ते कळायला हवं ना?

आमच्या वर्गाच्या खिडक्यांना पडदे नाहीत, त्यामुळे भिंतीवर अंधार नीट पडेना, नुसताच मळकट दिसेना का! मग २५ टक्क्यांवर आलो. तुमच्या खोलीत किती उजेड आहे ते बघूनच आकडा ठरवा. लॅपटॉपवर झकास दिसलं म्हणजे भिंतीवर दिसेलच असं नाही.

लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्येही ही आकारांची वजाबाकी करता येते, 'शेप'च्या मेनूत शोधा. आणि काहीच जमलं नाही, नुसता फोनच असला, तर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे चार काळपट चौकोन ठेवा. मधे खिडकी आपोआप उरते. खिडकी चौकोनी झाली म्हणून अळी रागवत नाही.

आणखी एक शोध आम्हाला चुकूनच लागला. पहिल्या स्लाइडवर फोटो अख्खा ठेवायचा. काही झाकायचं नाही, काही दाखवायचं नाही. बघणाऱ्यांना निवांत बघू द्यायचं. मग त्याच स्लाइडची नक्कल करायची (कंट्रोल आणि डी) आणि नकलेवर झोत टाकायचा. पुढच्या नकलेवर झोत कुरतडलेल्या कडेवर न्यायचा. एका वेळी एकच झोत! फोटो जागचा हलत नाही, फक्त उजेड सरकतो. कसले गिरक्यांचे खेळ लागत नाहीत. चांदणीवाली मुलगी दोन दिवस रुसली होती, पण भिंतीवर झोत सरकताना बघून तीच सगळ्यांत आधी "ए, भारी!" म्हणाली.

बाण आम्ही अगदी काढून टाकले असं नाही. अळीचं शिंग दाखवायला बाणच बरा, कारण तिथं झोत टाकला तर तो डोक्यावर पडतो की शिंगावर ते कळत नाही. पण बाण जाड, काळा, आणि त्याला पांढरी कड. मग मागे पान असो, माती असो की आभाळ, तो उठून दिसतो. त्याच्या शेजारी मोठा आकडा : १. आता बोलणारी "लाल बाण बघा" म्हणत नाही, "एक नंबरचा बाण" म्हणते. आणि स्लाइड पुरी झाली की फोनवर तिचा फोटो काढून तो काळा-पांढरा करून बघायचा. रंग गेल्यावरही दाखवायची जागा कळली, तर ठीक. नाही कळली, तर पुन्हा बसा कामाला.

काळ्या-पांढऱ्या फोटोच्याही वरचा एक तपासनीस आमच्याकडे आहे, तुम्ही ओळखलंच असेल! तिसऱ्या बाकावरचा. प्रत्येक स्लाइड आधी त्याच्यापुढे जाते. तो भिंतीपासून दहा पावलं लांब उभा राहतो, हाताची घडी घालतो आणि "पास" नाहीतर "नापास" म्हणतो. त्यानं पहिल्या दिवशी सातातल्या चार नापास केल्या. त्यातल्या दोन रंगासाठी नव्हत्याच, अक्षरं बारीक होती म्हणून.

परवा मी स्वतः एक स्लाइड केली. कोषातून बाहेर येणारं फुलपाखरू, भोवती झोत, जाड बाण, पांढरी कड. सगळं नियमाप्रमाणे! मोठ्या ऐटीत त्याच्यापुढे धरली.

त्यानं बराच वेळ बघितलं.

"बाण दिसतोय, बाई," तो म्हणाला, "पण फुलपाखराचं डोकंच झाकलंत तुम्ही त्याच्याखाली. नापास."