कॅमेऱ्याचे तोंड रस्त्याकडे असू द्या

आषाढ लागला आणि सह्याद्रीच्या कड्यांवरून पाण्याच्या धारा कोसळू लागल्या, म्हणजे पोलादपूरच्या नाक्यावरून आंबेनळी घाटाच्या दिशेने मोटारसायकलस्वारांची रीघ लागते. वाडा कुंभरोशीहून प्रतापगडाचे दर्शन घेऊन पुढे महाबळेश्वर गाठावयाचे, असा त्यांचा बहुधा नेम असतो, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या हेल्मेटवर वा हँडलवर मुठीत मावेल एवढा कॅमेरा बसविलेला दिसतो. या छंदाची संभावना वडीलधारी मंडळी रिकामटेकडेपणा म्हणून करतात. मला ती अन्यायाची वाटते. ज्या मुलखात दरडींनी रस्ते आणि पुरांनी पूल एका रात्रीत नाहीसे केले आहेत, त्या मुलखात चालत्या वाहनावर अखंड जागा राहणारा डोळा ही उपेक्षेची वस्तू नव्हे. मात्र तो कोठे बसविला आहे आणि त्याचे तोंड कोणाकडे आहे, यावर त्याची सारी योग्यता अवलंबून आहे.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा, सावित्रीवरील 1928 सालचा दगडी पूल महापुरात वाहून गेला आणि एस.टी.च्या दोन बसगाड्यांसह इतर वाहने अंधारात प्रवाहात पडली. शेजारच्या गॅरेजमधील एका कामगाराच्या नजरेस हा प्रकार आला, म्हणून इशारा तरी गेला. परंतु किती वाहने गेली आणि त्यांत किती जीव होते, याचा मेळ घालता घालता यंत्रणा थकली आणि नौदलाचे पाणबुडे कित्येक दिवस नदी धुंडाळीत राहिले. पुढे 28 जुलै 2018 रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. तीस जण मृत्युमुखी पडले, एकच वाचला, आणि अपघात नेमका कसा घडला याचा वाद दीर्घ काळ चालला. अशा प्रसंगी एखादे चित्रण हाती असते, तर गेलेली माणसे परत आली नसती हे खरे. पण मागे राहिलेल्यांच्या मनातील संशयाचे काटे तरी निघाले असते.

आता जागेविषयी. हेल्मेटवर कॅमेरा चिकटविण्याची रूढी मला सर्वथा त्याज्य वाटते. हेल्मेटचे कवच बाहेरून गुळगुळीत असते ते एवढ्याकरिता की, स्वार पडला असता डोके रस्त्यावरून घसरत जावे, कोठे अडकून मानेला पीळ बसू नये. त्या कवचावर कठीण उंचवटा बसविणे म्हणजे ज्या संरक्षणासाठी पैसे मोजले ते स्वहस्ते उणे करणे होय. केरळच्या मोटार वाहन खात्याने 2022 मध्ये अशा कॅमेऱ्यांविरुद्ध कारवाईचा हुकूम काढला, तो मला योग्य वाटतो. हँडलवरही अडचण आहेच. एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर नळीतून थेट कॅमेऱ्यात उतरते, आणि यंत्र चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपत असल्यामुळे सरळ दगडी कठडा पडद्यावर सापासारखा वळवळू लागतो. मोबाइल लावणाऱ्यांची हानी तर याहून अधिक. मोटारसायकलच्या कंपनांनी फोनचा कॅमेरा निकामी होऊ शकतो, असा इशारा खुद्द ॲपलने 2021 मध्ये दिला आहे. म्हणून गाडीच्या चौकटीला घट्ट जोडलेला भाग पाहावा, मध्ये रबर घालावे, नट दोनदा आवळावा आणि वर एक पक्की दोरी बांधावी. नाहीतर कापडे गाव मागे पडते न पडते तोच कॅमेरा मान टाकतो आणि पुढचा सारा घाट मडगार्डाच्या दर्शनात निघून जातो. घाटाच्या पायथ्याशी तो एकदा सुरू करावा आणि माथ्यावर गाडी उभी केल्यावाचून त्याला हात लावू नये. स्वतःच्या मुद्रेकडे वळविलेला कॅमेरा स्वाराची नजर वळणावरून काढून घेतो, आणि आंबेनळीतील वळणे अशी चूक क्षमा करीत नाहीत.

चित्रणाला पुराव्याचे मोल यावयाचे तर त्याचे अस्सलपण राखले पाहिजे. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत विहित प्रमाणपत्र रुजू करावे लागते. तेव्हा अपघात दृष्टीस पडला असता मूळ मेमरी कार्ड जसेच्या तसे काढून ठेवावे, त्यावर संगीत चढवू नये, काटछाट करू नये, आणि कॅमेऱ्यातील तारीख व वेळ निघण्यापूर्वीच बरोबर लावलेली असावी. जखमी माणूस समोर असेल तर अर्थातच प्रथम त्याला हात द्यावा.

परंतु अपघातापेक्षाही मोठा उपयोग मला रोजच्या रस्त्यात दिसतो. कशेडी घाटात भोगावच्या हद्दीत जमीन वर्षानुवर्षे खचत आली आहे. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत तळिये गावावर डोंगर कोसळला आणि आंबेनळीचा रस्ताही ठिकठिकाणी तुटला. डांबराला पडलेली भेग, तुंबलेली मोरी, ढासळू लागलेला कठडा, उतारावरून कालपर्यंत न येणारा गढूळ पाण्याचा ओहोळ, हे सारे स्वारांच्या चित्रणात आपोआप उमटत असते आणि घरी गेल्यावर धबधब्याची दृश्ये ठेवून नेमके तेवढेच कापून टाकले जाते. ते कापू नये. महाड व पोलादपूरच्या तहसील कचेऱ्यांनी आणि सार्वजनिक बांधकाम खात्याने असे चित्रण स्वीकारण्याची साधी सोय करावी, त्याची तारीखवार नोंद दप्तरी ठेवावी. आणि घाट चढणाऱ्या प्रत्येक स्वाराने पावसाळ्यापूर्वीचे एक आणि पावसाळ्यानंतरचे एक, अशी दोन अखंड चित्रणे तेथे आणून द्यावीत, एवढी माझी विनंती आहे.