बंद दार, काळा दगड आणि शिसपेन्सिल



गंगापूर रोड अशोक स्तंभापासून सुरू होतो आणि कॉलेजे, दवाखाने, शोरूम, हॉटेले मागे टाकीत सोमेश्वरच्या पुढे गंगापूर गावाकडे जातो. पेशवाईत गोपिकाबाई येऊन राहिल्या ते हेच गंगापूर. आज या रस्त्यावर जुने बांधकाम शोधावे लागते. काचेचे मात्र पाहिजे तेवढे. पण इथल्या दुकानांत आणि हॉटेलांत राबणारी आपली पोरे रात्री दहाला शटर ओढून सुटतात, आणि अशोक स्तंभाच्या पलीकडे थोडे चालले की जुने नाशिक लागते. रविवार कारंजा, सराफ बाजार, सरकारवाडा आणि पूल ओलांडला की पंचवटी. आमच्या माहितीतली तीन-चार मुले आठवड्यातून एकदा तिकडे जातात, रस्त्याच्या दिव्याखाली उभी राहून जुन्या इमारतींची चित्रे काढतात. साधन एकच, शिसपेन्सिल.

या मुलांविषयी वस्तीतून दोन तक्रारी आमच्या कानावर आल्या. एक, रात्रीचे फिरणे बरे नव्हे. दुसरी अधिक गंभीर आहे: आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे, आपल्या पोरांनी काळारामाचे देऊळ कागदावर का काढावे?

पहिल्या तक्रारीचे उत्तर सोपे आहे. दिवस मालकाचा असतो, रात्रच तेवढी आपली. ज्यांना दुपारी चार वाजता घाटावर बसून जलरंगात चित्रे रंगवता येतात त्यांनी जरूर रंगवावीत. आपल्या मुलाला वेळ मिळतो तो जेवणानंतरचा. शिवाय रात्री गाड्या, फलक, गर्दी हे सगळे अंधारात बुडते आणि इमारतीचा सांगाडा तेवढा उरतो. दिवसा ज्या वाड्यासमोरून शंभर वेळा गेलो त्याची तुळई किती वाकली आहे हे रात्री दिव्याच्या तिरप्या उजेडात दिसते. मात्र दोघा-तिघांनी मिळून जावे, ओळखपत्र खिशात ठेवावे. रात्री वही घेऊन उभ्या असलेल्या पोराला कोणीतरी नाव विचारतेच, आणि नाव सांगितले की आडनावही विचारते. मुलींना घरून परवानगी मिळत नसेल तर बापाने किंवा भावाने तासभर सोबत जावे. भावाला जमते ते बहिणीला का जमू नये?

आता पेन्सिलीविषयी थोडे. शिसपेन्सिलीत शिसे नसते. ग्राफाइट आणि चिकणमाती कालवून, भाजून तिची कांडी होते. ही रीत फ्रान्समधल्या कोंते नावाच्या माणसाने १७९५ मध्ये काढली. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकी, ती एच. ग्राफाइट जास्त तर मऊ आणि काळी, ती बी. शाळेत लिहायची एचबी, एक टूबी आणि एक सिक्सबी एवढ्या तिघींवर रात्रीचे चित्र होते. एक पेन्सिल साधारण वडापावच्या किमतीत मिळते. तैलरंगाच्या पेटीचे भाव आम्ही इथे देत नाही, उगाच मन खट्टू व्हायचे.

रात्रीच्या चित्रात पांढरा रंग लावायचा नसतो, तो राखायचा असतो. दिवा, दिव्याखालचा भिंतीचा पट्टा, उघड्या खिडकीतला उजेड एवढा कागद कोरा सोडायचा आणि बाकीचा अंधार हळूहळू, थरावर थर देत भरायचा. पहिल्याच झटक्यात सिक्सबी दाबली तर ग्राफाइट चकाकू लागते आणि काळ्याऐवजी चंदेरी दिसते. अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. मध्येच मोबाइलची बॅटरी डोळ्यांवर आली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि नवशिक्याला ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे शहरातले रात्रीचे आकाश काळे नसते. दिव्यांच्या उजेडाने ते राखी होते. इमारत त्याहून काळी असते. म्हणून आकाश टूबीने, भिंत सिक्सबीने.

ही गोष्ट सर्वांत नीट कळते ती काळारामासमोर. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेले हे देऊळ काळ्या दगडाचे आहे. रात्री कळस आणि तट आकाशावर कापून काढल्यासारखे दिसतात आणि खाली दरवाजा बंद असतो. दुसऱ्या तक्रारीचे उत्तर या दरवाजातच आहे, असे आम्हाला वाटते.

२ मार्च १९३० रोजी परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तेव्हा देवळाचे दरवाजे लावून घेतले गेले. आपली माणसे, त्यांत बायकाही, दरवाजांपुढे ठाण मांडून बसली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी तो लढा पुढे काही वर्षे पेलून धरला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांनी हे देऊळ पाहिले ते बाहेरून आणि दार बंद असताना. आमची मुले काढतात तेही बाहेरून, बंद दाराचेच. मूर्ती त्यांच्या कागदावर येत नाही. देवाचे चित्र आणि आपल्या इतिहासाच्या जागेचे चित्र यांत फरक करायला आपण शिकले पाहिजे, नाहीतर ती जागा दुसरे आपल्याला हवी तशी रंगवून दाखवतील. बाबासाहेबही उतारवयात चित्रकला शिकत होते आणि त्यांनी काढलेल्या बुद्धाचे डोळे उघडे होते, हे तक्रार करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

वाड्यांचे दुखणे वेगळे. दर पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा काढते आणि दर पावसाळ्यात कुठेतरी भिंत बसते. आत राहतात ते बहुधा जुने, कमी भाड्याचे भाडेकरू. त्यांना दुसरीकडे घर परवडत नाही. सरकारवाड्याला राज्य पुरातत्त्व विभागाचे संरक्षण आहे, या घरांना कोणाचे नाही. आपल्या एका पोराच्या वहीतली एक ओसरी आता जागेवर नाही. तिथे पत्रे ठोकलेले आहेत. पावसाळ्यात अशा भिंतीखाली उभे राहू नये, समोरच्या बाजूने काढावे, आणि घरच्यांना विचारून काढावे. कोणाच्या अडचणीचे चित्र न विचारता काढणे बरे नाही.

वाडा बांधणाऱ्या सरदाराचे नाव सापडते, दगड वाहणाऱ्याचे सापडत नाही. म्हणून आम्ही या मुलांना म्हटले, एकदा रविवारी दिवसा त्रिरश्मी लेण्यांवर जा. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पांडवांचा तिथे संबंध नाही. चोवीस लेण्यांच्या त्या रांगेत सातवाहन आणि क्षत्रप राजांचे मोठे लेख आहेतच. पण चैत्यगृहावर धंभिक गावाच्या दानाचा लेख आहे, एका लेण्यावर सहपरिवार मुगुदासाचे नाव आहे, त्याला अभ्यासक कोळी मानतात, आणि दशपूरच्या वुधिकाचे दान आहे. हा वुधिक लेखक होता, म्हणजे लिहिण्याचे काम करणारा. आम्ही स्वतः आयुष्यभर कारकुनी करीत आलो, त्यामुळे हा लेख आम्ही जरा जास्त वेळ पाहत उभे राहतो. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी बुद्धाच्या संघाला दान देणाऱ्या कोळ्याचे आणि लिहिणाऱ्याचे नाव दगडावर येत होते.

लेणी संध्याकाळी बंद होतात, तिथले रात्रीचे चित्र होणार नाही. पण आपल्या वस्तीतला पहिला विहार, पत्र्याची समाजमंदिरे, जुनी चाळ, कौलारू बौद्धवाडा यांची चित्रे कोण काढणार? पाडल्यावर त्यांचा फोटोही निघत नाही. आठवीतल्या, नववीतल्या मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसवा. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. सरावासाठी घरासमोरचा खांब आणि त्याच्या उजेडातली भिंत पुरे.

आम्ही मुलांना एकच शिस्त घातली आहे. चित्राच्या मागे तारीख, वेळ, गल्ली आणि तिथे राहणाऱ्यांची किंवा राहिलेल्यांची नावे लिहायची. एकाने लिहिले आहे, "काळाराम, पूर्वेचा दरवाजा, रात्री ११, दार बंद. पणजोबा इथे बसले होते." पणजोबांचे पूर्ण नाव मात्र घरात कोणाला नक्की सांगता येईना. त्याची आजी आता जुनी पेटी काढून त्यातले कागद बघते आहे.