बॉयलर काय म्हणतोय?

गेल्या जानेवारीतली गोष्ट. रात्री अकराला स्वयंपाकघरातून मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसा आवाज यायला लागला. बायको पांघरुणातूनच म्हणाली, "तुझा बॉयलर!" (घरातली बिघडलेली प्रत्येक वस्तू माझीच असते. असो.)

पुण्यात वाढलेल्या माणसाचा संबंध फार तर बाथरूममधल्या गीझरशी. लंडनजवळच्या आमच्या घरात मात्र भिंतीवरचा एक पांढरा डबा नळाचं पाणीही तापवतो आणि रेडिएटरमधून गरम पाणी फिरवून अख्खं घरही. तो बंद पडला की तीन वर्षांच्या मुलीला स्वेटरवर स्वेटर चढवून झोपवायचं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. बॉयलर अर्थातच तेव्हा गप्प! त्याने पाच मिनिटं बघितलं आणि निकाल दिला, "जुना झालाय, नवीन बसवा." म्हणजे दोन-अडीच हजार पौंड. आता मला सांगा, ऑफिसात कुणी बग न बघताच "सगळी सिस्टीम नव्याने लिहू" म्हणालं, तर आपण त्याला काय म्हणतो?

पण खरं तर चूक माझीही होती. "विचित्र आवाज येतो" हे सांगणं म्हणजे "सॉफ्टवेअर चालत नाही" असा बग रिपोर्ट. आवाज ऐकतो आपण, मेकॅनिक नाही. तेव्हा माझं ठाम मत असं की निदानाचा पहिला अर्धा भाग घरच्यांनीच करायला हवा.

मग मी चार दिवस वही ठेवली. आवाज कधी, कसला, किती वेळ. नुसता गरम पाण्याचा नळ सोडला, तर शांत. नुसतं हीटिंग लावलं, की दहा मिनिटांत किटली उकळल्यासारखी खळखळ. म्हणजे संशय रेडिएटरच्या बाजूवर. (वरच्या मजल्यावरचे पाइप टिकटिक करतात ते तापून प्रसरण पावतात म्हणून. त्याचं काही नाही.)

वहीत आणखी एक नोंद होती. बॉयलर थंड असताना दाबाचा काटा साधारण एक ते दीड बारवर हवा. माझा दर आठवड्याला खाली यायचा आणि मी पाणी भरून तो वर चढवायचो, तेही मोठ्या अभिमानाने!

गोम तिथेच होती. या बंद चक्रात तेच पाणी वर्षानुवर्षं फिरायला हवं. प्रत्येक नव्या भरतीबरोबर आत ऑक्सिजन जातो, रेडिएटर आतून गंजतात, काळा गाळ होतो. त्यात लंडनच्या पाण्यात क्षार भरपूर. त्याचा थर साचला की पाण्याची वाट अडते, ते जागच्या जागी उकळतं आणि वाफेचे बुडबुडे फुटतात. तोच तो आवाज. इथे त्याला 'केटलिंग'च म्हणतात.

आणि पाणी जात कुठे होतं? सोफ्यामागच्या रेडिएटरच्या व्हॉल्व्हमधून, थेंब थेंब. सोफा सरकवल्यावर गालिच्यावरचा तांबूस डाग दिसला.

दुसऱ्या मेकॅनिकने आधी वही वाचली. व्हॉल्व्ह बदलला, गाळ धुऊन काढला, पाण्यात गंजरोधक घातलं. आवाज बंद. खर्च नव्या बॉयलरच्या पाव हिश्शाहून कमी.

कडाक्याच्या थंडीत बॉयलर गुडगुडून बंद पडला, तर बहुधा त्याचा बाहेर जाणारा सांडपाण्याचा बारीक पाइप गोठलेला असतो. त्यावर कोमट पाणी ओतून बघा, उकळतं नको.

पण आपली हद्द इथेच संपते. बॉयलरचं झाकण उघडायचं नाही. ब्रिटनमध्ये ते काम 'गॅस सेफ रजिस्टर'वर नाव असलेल्या माणसाचंच. त्याचं ओळखपत्र बिनधास्त मागा. गॅसचा वास आला तर वही-बिही सोडून घराबाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ ला फोन करा.

शेवटचं म्हणजे, खळखळणारा बॉयलर निदान सांगतो तरी. त्यातला सगळ्यात वाईट बिघाड म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला आवाज नाही, रंग नाही, वासही नाही. तेव्हा बॉयलर असलेल्या खोलीत त्याचा अलार्म आजच लावा. वही काय, उद्याही आणता येईल.