वजनकाटा रिश्त्यासाठी की तब्येतीसाठी?

आपल्याकडे मुलीचं लग्न ठरवायचं म्हटलं की आधी बायोडाटा फिरतो. पूर्वी तो एखाद्या खालाजानच्या पर्समधून फिरायचा, आता व्हॉट्सॲपवर फिरतो. मुलाच्या बायोडाटात शिक्षण, नोकरी, पगार आणि स्वतःचं घर असतं. मुलीच्या बायोडाटात शिक्षणाच्या खालोखाल उंची, वजन आणि रंग. मुलाकडची मंडळी अपेक्षांमध्ये लिहितात, 'गोरी, सडपातळ, दीनदार'. तीनपैकी पहिले दोन शब्द शरीराचे आहेत, आणि बोलणी मोडतात तीही बहुतेक वेळा त्याच दोन शब्दांवरून.

हे फक्त मुसलमानांत होतं असं मुळीच नाही. 1975 साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ला नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' व्हायला 2020 साल उजाडलं. ती क्रीम सगळ्याच जातीधर्माच्या मुलींनी लावली. पण शेजारी कचरा आहे म्हणून आपलं अंगण झाडायचं राहू नये.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या घरांत बाईच्या वजनाबद्दल जे बोललं जातं, ते बहुतांश पसंतीबद्दल असतं, तब्येतीबद्दल नसतं. आणि पसंतीसाठी वजन मोजत बसल्यामुळे तब्येतीसाठी जे मोजायला हवं ते मोजलंच जात नाही.

मी इंजिनिअरिंग केलं, नोकरीला लागले आणि सव्विसाव्या वर्षी माझ्यासाठी रिश्ते येऊ लागले. मी काय काम करते, पुढे करायचं आहे का, हे फारसं कुणी विचारलं नाही. एका घरून आलेल्या बाईंनी अम्मीला बाजूला घेऊन सांगितलं, "लड़की अच्छी है, बस थोड़ी दुबली हो जाए." माझ्या मामेबहिणीलाही हेच ऐकावं लागलं. तिने रात्रीचं जेवण सोडलं, सकाळी नुसतं लिंबूपाणी. चार महिन्यांत सहा किलो उतरले आणि घरात सगळे खूश. जिना चढताना तिला धाप लागते, केस गळतात, याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटी रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात.

गंमत अशी, की हीच माणसं निकाहनंतर उलट बोलू लागतात. "सासरी खायला देत नाहीत का?" बाळंतपणानंतर तूप, गोंद, सुकामेवा यांचा मारा होतो, आणि बाळ वर्षाचं झालं की पुन्हा, "किती सुटलीस गं!" एकाच शरीराबद्दल पाच वर्षांत तीन वेगवेगळे हुकूम. ते पाळणाऱ्या बाईला मात्र तिला स्वतःला कसं वाटतंय, हे कुणी विचारत नाही.

आता थोडे आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून जास्त होतं. त्याच सर्वेक्षणात 24 टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या किंवा स्थूल होत्या, तर जवळपास 19 टक्के गरजेपेक्षा कमी वजनाच्या. म्हणजे ज्या गोष्टीवरून आपण मुलींना रोज टोकतो, तिच्या दुपटीहून जास्त बायकांना असा आजार आहे ज्याचं नावही दस्तरखानावर निघत नाही.

सॉफ्टवेअरच्या कामात एक गोष्ट लवकर कळते. प्रोग्रॅमरचं काम लिहिलेल्या ओळींवरून मोजलं तर ओळी वाढतात, काम सुधारत नाही. चुकीचं माप लावलं की माणसं मापासाठी जगू लागतात. वजनाचंही तेच झालं आहे.

डॉक्टर वापरतात तो बीएमआय घ्या. किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. यामागचं सूत्र 1830 च्या दशकात ॲडॉल्फ क्वेटले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाने मांडलं. तो डॉक्टर नव्हता, 'सरासरी माणूस' कसा असतो हे आकड्यांतून शोधत होता. बीएमआय हे नाव तर 1972 साली ॲन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. मोठ्या लोकसंख्येचा अंदाज घ्यायला हे माप ठीक आहे, पण एका माणसाच्या शरीराबद्दल ते अर्धंच सांगतं.

याचा सगळ्यात चांगला दाखला आपल्या पुण्यातलाच आहे. केईएम हॉस्पिटलचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. काटा दोघांना एकच आकडा दाखवत होता.

यातून दोन गोष्टी कळतात आणि दोन्ही ऐकायला हव्यात. पहिली, सडपातळ दिसणारी मुलगी निरोगी असेलच असं नाही. दुसरी, वजन अगदीच बिनमहत्त्वाचं आहे असंही नाही. आपल्या उपखंडातल्या लोकांना मधुमेह कमी वजनावर आणि कमी वयात गाठतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी 25 ऐवजी 23 बीएमआयपासूनच सावध व्हायला सांगितलं. बाईच्या कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या वर गेला की तोही इशारा समजतात. आपल्या किती घरांत शुगर आहे, हे मी सांगायला नको. त्यामुळे 'आहेस तशी छान आहेस' एवढं म्हणून विषय मिटत नाही. फक्त हा विषय डॉक्टरच्या खोलीत निघावा, दिवाणखान्यात पाहुण्यांसमोर नाही.

दिवाणखान्यातल्या टोमण्यांवर एक मोठा धंदा चालतो. महिन्यात दहा किलो कमी करणारी पावडर, 'हर्बल' चहा, कॅप्सूल. बऱ्याचदा ओळखीतलीच कुणी आपा ते विकत असते, त्यामुळे विश्वासही बसतो. सिबुट्रामिन हे भूक मारणारं औषध हृदयाला धोका असल्यामुळे भारतात 2011 साली बंद झालं. त्यानंतरही जगभर 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन घटवायच्या उत्पादनांत ते न सांगता मिसळलेलं सापडत आलं आहे. पाकिटावर पानाचं चित्र आहे म्हणून आत पानच असेल असं नाही.

आणि तब्येत सुधारायची तर हालचाल कुठे करायची? आठवड्याला किमान दीडशे मिनिटं जोमाने चालावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आता आपल्या मोहल्ल्यांकडे पाहा. भाऊ रात्री अकराला टर्फवर क्रिकेट खेळून येतो, त्याला कुणी काही विचारत नाही. बहिणीने संध्याकाळी अर्धा तास चालायला जाते म्हटलं की, "कशाला? लोग क्या कहेंगे?" ती गेलीच, तर नाक्यावरची मुलं टिंगल करायला उभीच. म्हणजे तिला बसवूनही आपणच ठेवायचं आणि वाढलेल्या वजनाबद्दल बोलही तिलाच लावायचे!

सूरह अल-हुजुरातमध्ये एकमेकांची खिल्ली उडवायला आणि नावं ठेवायला मनाई आहे. तिथे पुरुषांना सांगून झाल्यावर स्त्रियांना वेगळं सांगितलं आहे, की तुम्हीही दुसऱ्या स्त्रियांची खिल्ली उडवू नका. 'जाडी', 'काळी', 'काडीपैलवान' ही नावं आपण शादीच्या मंडपात आणि ईदच्या दिवशी शीरखुर्म्याच्या वाटीबरोबर वाटत असतो. त्यांना मस्करी म्हटल्याने ती मस्करी होत नाहीत.

मग करायचं काय? हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण लग्नाच्या वयाचे आहेत, म्हणून तुमच्यापासूनच सुरुवात होऊ शकते. मुलींनो, बायोडाटातून वजन आणि रंग काढून टाका. कुणी विचारलं तर 'डॉक्टरांना माहीत आहे' म्हणा. मुलांनो, 'गोरी, सडपातळ' ही ओळ तुमच्या नावाने लिहिली जाते. ती अम्मीने लिहिली म्हणून तुमची सुटका होत नाही. घरातल्या सगळ्या बायकांचं हिमोग्लोबिन आणि साखर वर्षातून एकदा तपासून घ्या. जेवणाबरोबर चहा नको, त्याने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. ताटात लिंबू पिळलं तर जास्त शोषलं जातं. कलेजी शिजली की ती आधी अब्बा आणि भाईंच्या ताटात जाते, त्याऐवजी जिचं रक्त कमी आहे तिला वाढा. आणि वॉर्डातलं मैदान रोज एखादा तास फक्त बायकांसाठी राखून ठेवावं, अशी मागणी नगरसेवकाकडे लेखी करा. त्या अर्जावर भावांच्या सह्या असल्या तर तो लवकर वाचला जाईल.

वजनकाटा घरात असू द्या. फक्त त्यावर उभं राहायचं की नाही, आणि आकडा कुणाला सांगायचा, हे जिचं शरीर आहे तिलाच ठरवू द्या.